पीएफची नोंदवही कशी वाचावी: ओपनबीएसडीच्या फायरवॉल लॉगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर पीएफ (पॅकेट फिल्टर, म्हणजे तिचा फायरवॉल) लावून गेटवे, म्हणजे आतले नेटवर्क इंटरनेटला जोडणारे मशीन, उभा केलेले लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. अडवलेले पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) दिसणार कुठे, आणि दिसले तर त्याचा अर्थ काय लावायचा, याभोवतीच हे सगळे प्रश्न फिरतात.

वाचण्याआधी दोन गोष्टी. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना रोमन छोटी अक्षरे वापरा. आणि उदाहरणांतले १९२.०.२ किंवा २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते फक्त लेखनातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकांतले आहेत. ते कोणाच्या खऱ्या मशीनचे नाहीत.

पीएफच्या लॉगमध्ये वेगळे काय आहे?

मे २००१ मध्ये ओपनबीएसडीने परवान्याच्या वादामुळे आयपीफिल्टर हे जुने फायरवॉल सॉफ्टवेअर काढून टाकले. ती जागा भरायला डॅनियल हार्टमायर यांनी पीएफ लिहिला आणि १ डिसेंबर २००१ रोजी आलेल्या ३.० या आवृत्तीत तो पहिल्यांदा लोकांच्या हाती पडला.

बहुतेक फायरवॉल लॉग म्हणजे मजकुराच्या ओळी असतात. अमक्या पत्त्यावरून तमक्या पोर्टवर (मशीनवरच्या सेवेचा क्रमांक) आलेले पॅकेट अडवले, एवढे त्यात कळते आणि बाकीचे तिथेच हरवते. पीएफ मात्र पॅकेटचीच प्रत काढतो. तिच्या डोक्यावर छोटी चिठ्ठी लावतो: कोणत्या नियमाने पकडले, कोणत्या इंटरफेसवर (नेटवर्क कार्डावर), आत येताना की बाहेर जाताना, सोडले की अडवले, आणि का. ही प्रत तो पीएफलॉग० नावाच्या आभासी इंटरफेसवर टाकतो. नेटवर्क कार्डावर जसे टीसीपीडंप हा पॅकेट दाखवणारा प्रोग्राम लावून ऐकता येते, तसेच या इंटरफेसवरही येते. कोणी ऐकत असो वा नसो, पीएफ आपले काम करत राहतो.

मागे पीएफलॉगडी नावाचा डिमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू असतो. तो तिथली पॅकेट उचलून /व्हार/लॉग/पीएफलॉग या फाइलमध्ये लिहितो. हा डिमन अधिकार वेगळे करून चालतो: बाहेरून आलेला डेटा हाताळणारा भाग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत नाही, वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने एका रिकाम्या डिरेक्टरीत कोंडलेला असतो. कोणी मुद्दाम वाकडे पॅकेट पाठवून लॉग लिहिणाऱ्यालाच फोडायचा प्रयत्न केला, तर त्याच्या हाती फारसे काही लागू नये म्हणून ही काळजी. मला ओपनबीएसडी आवडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पीएफ चालू आहे, नियमही लागू आहेत. लॉग रिकामा का?

नव्वद टक्के वेळा कारण एकच: नियमात ‘लॉग’ हा शब्दच नसतो. पीएफ आपण होऊन सहसा काही नोंदवत नाही. ‘ब्लॉक ऑल’ लिहिले तर पॅकेट मुकाट्याने टाकले जाते. ‘ब्लॉक लॉग ऑल’ लिहिले तर नोंद होते.

दुसरे कारण जरा आडवळणाचे आहे. पीएफमध्ये जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा जिंकतो. ‘क्विक’ लिहिले असेल तर तिथेच निकाल लागतो. सोडणे किंवा अडवणे हा निकाल ज्या नियमाने दिला, त्यात ‘लॉग’ असेल तरच नोंद होते. वरच्या नियमात ‘लॉग’ लिहिला आणि खालच्या बिनलॉगच्या नियमाने निकाल दिला, तर नोंद नाही.

तिसरे कारण: ‘सेट स्किप ऑन’ म्हणून ज्या इंटरफेसला वगळले आहे तिथे पीएफ बघतच नाही, मग नोंद कुठून होणार?

आणि चौथे, लोक /व्हार/लॉग/मेसेजेस हा सिस्टिमचा सर्वसाधारण लॉग चाळत बसतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातला प्रकार. पीएफच्या नोंदी तिथे जात नाहीत.

लॉग फाइलवर टेल -एफ (फाइलचा शेवट सतत दाखवणारी कमांड) लावले तर स्क्रीनवर कचरा येतो. असे का?

कारण ती मजकुराची फाइल नाही. ती टीसीपीडंपच्या बायनरी स्वरूपात असते, आणि वाचायलाही टीसीपीडंपच लागतो. साठवलेली फाइल वाचायला:

टीसीपीडंप -एन -ई -टीटीटी -आर /व्हार/लॉग/पीएफलॉग

आणि आत्ता काय चालले आहे ते पाहायला:

टीसीपीडंप -एन -ई -टीटीटी -आय पीएफलॉग०

दोन्हीत ‘-ई’ विसरू नका. पीएफने लावलेली चिठ्ठी याच पर्यायामुळे छापली जाते. तो नसेल तर नुसते पॅकेट दिसते. ते अडवले की सोडले, हेही कळत नाही. ‘-एन’ नसेल तर टीसीपीडंप प्रत्येक पत्त्याचे नाव शोधायला डीएनएसकडे (नावे आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेकडे) धावतो. त्याने छपाई रखडते, शिवाय ज्याच्यावर तुमची नजर आहे त्याच्याच डीएनएस सर्व्हरला तुमची चौकशी कळू शकते.

एक ओळ नीट समजावून सांगाल का?

समजा ही ओळ आली:

जाने १२ ०७:४१:०९.३३२१०४ रूल ४/(मॅच) ब्लॉक इन ऑन ईएम०: २०३.०.११३.७.५१२३४ > १९२.०.२.१०.२३: एस

प्रत्यक्षात हे सगळे रोमन लिपीत दिसेल. सुरुवातीला तारीख आणि वेळ. मग नियमाचा क्रमांक ४, आणि त्यापुढे नोंद होण्याचे कारण. ‘मॅच’ म्हणजे पॅकेट नियमाशी सरळ जुळले. तिथे ‘स्टेट-मिसमॅच’, ‘फ्रॅगमेंट’, ‘शॉर्ट’, ‘आयपी-ऑप्शन’ असेही शब्द येऊ शकतात, आणि ते आले की थांबून बघावे. ‘ब्लॉक इन ऑन ईएम०’ म्हणजे ईएम० या कार्डावर आत येताना अडवले.

पुढचा भाग नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. २०३.०.११३.७.५१२३४ यात पाच आकडे आहेत. पहिले चार म्हणजे पत्ता आणि पाचवा पोर्ट; टीसीपीडंप दोन्ही टिंबाने जोडून छापतो. म्हणजे २०३.०.११३.७ वरून ५१२३४ पोर्टने निघालेले पॅकेट आपल्या १९२.०.२.१० च्या २३ पोर्टला, म्हणजे टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सेवेला, लागायला आले. शेवटचा ‘एस’ म्हणजे सिन, नव्या टीसीपी जोडणीची पहिली हाक.

आता नियम ४ कोणता? पीएफ.कॉन्फ ही नियमांची फाइल उघडून ओळी मोजू नका. क्रमांक शून्यापासून सुरू होतात, आणि महिरपी कंसात तीन पोर्ट लिहिले असतील तर त्या एका ओळीचे तीन नियम होतात. म्हणून ‘पीएफसीटीएल -व्हीव्हीएसआर’ चालवा. त्यात प्रत्येक नियमाआधी ॲटच्या चिन्हासह त्याचा खरा क्रमांक येतो, आणि किती वेळा तपासला गेला, किती पॅकेट लागली हेही दिसते.

एक सूचना मनापासून करतो. नियम बदलून पुन्हा लोड केले की क्रमांक सरकतात. कालच्या लॉगमधला ४ आणि आजचा ४ हे वेगळे नियम असू शकतात. मी नियम बदलण्याआधी दर वेळी ‘पीएफसीटीएल -व्हीव्हीएसआर’चे आउटपुट तारखेच्या नावाने फाइलमध्ये ठेवून देतो. एक सेकंदाचे काम आहे. सहा आठवड्यांनी जुना लॉग काढावा लागतो तेव्हा त्या फाइलीची किंमत कळते.

दुसऱ्या मशीनवर तीच कमांड चालवली, तर तारखेऐवजी भलतेच आकडे आले.

ती मशीन बहुधा फ्रीबीएसडी, मॅक किंवा लिनक्स असणार. ओपनबीएसडीचा टीसीपीडंप ही त्यांची स्वतःची, वेगळी वाढवलेली आवृत्ती आहे. तिथे ‘-टीटीटी’ म्हणजे महिना आणि दिवसासकट वेळ. इतर ठिकाणच्या टीसीपीडंपमध्ये ‘-टीटीटी’ म्हणजे आधीच्या पॅकेटपासून गेलेला वेळ, आणि तारीख हवी असेल तर चार टी. ओपनबीएसडीवर चार टी दिले तर उलट, दोन पॅकेटमधला फरक छापला जातो. एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ होतो, म्हणून कमांड कुठून उचलता आहात ते पाहून घ्या.

जोडणी तासभर चालली, पण लॉगमध्ये एकच पॅकेट. बाकीची कुठे गेली?

कुठेही गेली नाहीत, ती नोंदवलीच गेली नाहीत. पीएफ जोडणीची स्थिती लक्षात ठेवतो. पहिले पॅकेट नियमांतून तपासून सोडले की स्टेट टेबलमध्ये एक नोंद तयार होते, आणि त्या जोडणीची पुढची पॅकेट नियमांपर्यंत जातच नाहीत. साधा ‘लॉग’ म्हणजे स्टेट तयार करणारे पहिले पॅकेट नोंदव. कोण, कुठे, कधी गेले हे कळायला तेवढे पुरते.

सगळी पॅकेट हवी असतील तर ‘लॉग (ऑल)’ लिहायचे. पण फार जपून. सुरुवातीच्या दिवसांत मी एका लहान कार्यालयाच्या गेटवेवर बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाहतुकीला ‘लॉग (ऑल)’ लावले. एक तक्रार शोधायची होती, काढून टाकायचे राहून गेले. रात्री बॅकअप सुरू झाला आणि पहाटेपर्यंत लॉग जिथे साठतात ते डिस्कचे व्हार विभाजन भरून गेले. सकाळी मेलही अडकले होते, कारण त्यांची रांगही त्याच विभाजनावर होती. तेव्हापासून ‘लॉग (ऑल)’ लावतो तेव्हा एकाच पत्त्यापुरता लावतो आणि फोनमध्ये गजर लावून ठेवतो.

याच्याशीच जोडलेली दुसरी अडचण: दुरून एसएसएचने (सुरक्षित लॉगिनची सेवा, पोर्ट २२) आत येऊन पीएफलॉग० बघत असाल आणि एसएसएचच्या नियमाला ‘लॉग (ऑल)’ असेल, तर प्रत्येक छापलेली ओळ नवीन पॅकेट बनते, त्याची पुन्हा ओळ छापली जाते. स्क्रीन थांबत नाही. कमांडच्या शेवटी ‘नॉट पोर्ट २२’ जोडा.

मग नेमके काय नोंदवावे?

माझे मत स्पष्ट आहे: जेवढे रोज वाचाल तेवढेच. सगळ्यात वर ‘ब्लॉक लॉग ऑल’. त्यानंतर, ज्या गोंगाटाचा काही उपयोग नाही त्याला ‘क्विक’सकट बिनलॉगचा वेगळा नियम: विंडोज मशीनच्या १३७ आणि १३८ पोर्टवरच्या हाका, ५३५३ वरचे एमडीएनएस, १९०० वरचे एसएसडीपी (ही दोन्ही उपकरणांनी एकमेकांना शोधण्यासाठी असतात). हे कचऱ्यासारखे साठत राहते आणि महत्त्वाच्या ओळी त्याखाली दबतात.

सोडलेल्यांपैकी बाहेरून येणाऱ्या एसएसएचच्या आणि व्हीपीएनच्या जोडण्या नोंदवा. त्या मोजक्या असतात आणि प्रत्येकीचा मालक तुम्हाला ओळखता आला पाहिजे. आतल्या लोकांच्या ४४३ पोर्टवरच्या (सुरक्षित वेब) प्रत्येक जोडणीची नोंद ठेवू नका. त्यातून शोधायचे काही मिळत नाही, आणि कोण दिवसभरात कुठे गेले याची यादी मात्र तयार होते. अशी यादी जवळ असणे ही जबाबदारी आहे; गरज नसताना ती घेऊ नये.

दर मिनिटाला कोणीतरी २३, ४४५, ३३८९ वर येते आहे. माझ्यावर हल्ला होतो आहे का?

तुमच्यावर म्हणून नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यावर हे चालू असते. २३ आणि २३२३ वर येणारे बहुतेक वेळा मिराई हा मालवेअर किंवा त्याचे भाऊबंद असतात. २०१६ मध्ये मिराईने कॅमेरे, राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर) अशी घरगुती उपकरणे कारखान्यातल्या पासवर्डांनी उघडून आपल्या कळपात ओढली, आणि त्याचा सोर्स बाहेर आल्यावर नकला निघत राहिल्या. ४४५ म्हणजे विंडोजचे फाइल शेअरिंग. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर याच वाटेने पसरला. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ५०६० म्हणजे इंटरनेटवरच्या फोनची वाट. हे सगळे दाराची कडी हलवून पुढे जाणारे लोक आहेत. कडी लागलेली असेल तर झोप उडवून घेऊ नका.

काही नोंदी तर हल्ल्यासारख्या दिसतात आणि हल्ला नसतातच. आतल्या कोणीतरी उघडलेल्या संकेतस्थळाच्या ४४३ पोर्टवरून ‘एफ’ (जोडणी संपवा), ‘आर’ (जोडणी तोडा) किंवा नुसते ॲक (पोच) असलेले पॅकेट अडवलेले दिसते. लोक फोन करतात की अमकी मोठी कंपनी आमचे पोर्ट तपासते आहे. खरी गोष्ट अशी की लॅपटॉप झोपी गेला, पीएफने त्या जोडणीची स्टेट मुदत संपल्यावर पुसली, आणि समोरच्या सर्व्हरचा निरोप उशिरा आला. नवी स्टेट सिनशिवाय तयार होत नाही, म्हणून तो निरोप दारातच अडला. तसेच कधीकधी न मागता सिन-ॲक (सिनला मिळणारे उत्तर) येतात. कोणीतरी तिसऱ्यावर हल्ला करताना खोटा पत्ता म्हणून तुमचा पत्ता वापरला, आणि तो बिचारा तिसरा तुम्हाला उत्तर देतो आहे. एका ओळीवरून, सुतावरून स्वर्ग गाठतात तसे, निष्कर्ष काढू नका. झेंडे (एस, एफ, आर ही फ्लॅगची अक्षरे) बघा, दिशा बघा, दोन्ही पोर्ट बघा.

मग काळजी कशाची करायची?

आतून बाहेर जाताना अडलेल्या पॅकेटची. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात आधी हाच विचारला पाहिजे.

बाहेरच्या गोंगाटाला अंत नाही. पण तुमच्या आतल्या नेटवर्कवरच्या वस्तूंची वागणूक ठरावीक असते. भिंतीवरचा कॅमेरा रेकॉर्डरशी बोलतो. प्रिंटर छपाईच्या रांगेशी बोलतो. तो कॅमेरा उद्या जगभरच्या पत्त्यांना २३ पोर्टवर सिन पाठवू लागला, तर तो आता तुमचा राहिलेला नाही. प्रिंटर २५ पोर्टवर अनोळखी मेल सर्व्हर शोधत असेल तर तेच. हे तुम्हाला कळणार कधी? आतल्या इंटरफेसवर येणाऱ्या वाहतुकीलाही ‘ब्लॉक लॉग’ असेल आणि लागेल तेवढेच ‘पास’ असेल तेव्हा. ‘आतून बाहेर सगळे सोड’ असा एक नियम लिहून मोकळे झालात, तर लॉगमध्ये बाहेरचा गोंगाट भरपूर मिळेल आणि घरातली आग दिसणार नाही.

माझ्या पाहण्यात एका संस्थेतला डीव्हीआर असाच पकडला गेला. आतल्या कार्डावरच्या अडवलेल्या नोंदी मोजल्या, आणि एकट्या त्या पत्त्याच्या नावावर इतर सगळ्या पत्त्यांच्या एकत्र नोंदींपेक्षा जास्त ओळी निघाल्या. पासवर्ड कारखान्यातलाच होता.

हजारो ओळींतून हवे तेवढेच कसे निवडू?

ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) लावण्याआधी टीसीपीडंपच्या गाळणीचा वापर शिका. ओपनबीएसडीच्या टीसीपीडंपला पीएफची चिठ्ठी वाचता येते. कमांडच्या शेवटी ‘ॲक्शन ब्लॉक’ लिहिले की फक्त अडवलेली पॅकेट. ‘ऑन ईएम१’ म्हणजे फक्त त्या कार्डावरची. ‘रूलनम ४’ म्हणजे फक्त ४ क्रमांकाच्या नियमाची. ‘रीझन’पुढे कारण लिहिता येते. हे सगळे ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ने जोडता येते, नेहमीच्या ‘होस्ट’ आणि ‘पोर्ट’सोबत. ‘ॲक्शन ब्लॉक अँड ऑन ईएम१ अँड नॉट पोर्ट ५३’ ही माझी रोजची गाळणी आहे. ईएम१ हे माझे आतले कार्ड.

कोणता नियम पॅकेट खातो आहे तेच समजत नाही.

यासाठी पीएफमध्ये एक सुरेख सोय आहे. नियमांच्या अगदी सुरुवातीला ‘मॅच लॉग (मॅचेस) फ्रॉम’ आणि पुढे तो त्रासलेला पत्ता, असा एक नियम घाला. मग त्या पत्त्याचे पॅकेट ज्या ज्या नियमाशी जुळते, त्या प्रत्येकाची ओळ क्रमाने छापली जाते. शेवटची ओळ निकालाची. तासन्‌तास डोके धरून बसण्याऐवजी पाच मिनिटांत उत्तर मिळते. काम झाले की नियम काढा.

आत्ताच अडवलेले पॅकेट फाइलमध्ये दिसत नाही.

पीएफलॉगडी नोंदी आधी मेमरीत साठवतो आणि ठरलेल्या अंतराने फाइलमध्ये उतरवतो. मूळ अंतर ६० सेकंदांचे. थांबायचे नसेल तर ‘पीकिल -एएलआरएम -एक्स पीएफलॉगडी’ चालवा (मधली चारही अक्षरे कॅपिटल). तो लगेच सगळे लिहून टाकतो. किंवा सरळ पीएफलॉग० वर ऐका.

परवाची नोंद आज सापडत नाही. कोणी पुसली?

बहुधा जुने लॉग गुंडाळून ठेवणाऱ्या न्यूसिसलॉगने. मूळ मांडणीत पीएफलॉग फाइल २५० किलोबाइटची झाली की ती गुंडाळून ठेवली जाते, आणि अशा फक्त ३ जुन्या फाइली राहतात. न्यूसिसलॉग क्रॉनमधून (वेळापत्रकाने कामे चालवणारी सेवा) दर तासाला चालतो.

हिशोब करून पाहू. अडवलेल्या एका सिनची नोंद चिठ्ठीसकट दीडशे-पावणेदोनशे बाइटची धरली, तर २५० किलोबाइटमध्ये साधारण दीड हजार नोंदी बसतात. गोंगाटाच्या पत्त्यावर दीड हजार नोंदी तासाभरात होऊ शकतात. म्हणजे दर तासाला फाइल गुंडाळली जाणार आणि तुमच्या हातात जेमतेम चार तासांचा इतिहास उरणार. शनिवारी रात्री काही घडले आणि सोमवारी तुम्ही लॉग उघडला, तर तिथे काही नसेल.

भारतात हा नुसता सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग मागच्या १८० दिवसांचे आणि भारताच्या अधिकारक्षेत्रात जपून ठेवायचे आहेत. सायबर घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. घड्याळेही एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या छोट्या कंपनीचा गेटवे सांभाळत असाल तर २५० किलोबाइटच्या मूळ मांडणीवर विसंबून चालणार नाही.

उपाय सोपा आहे. न्यूसिसलॉग.कॉन्फमधल्या पीएफलॉगच्या ओळीत आकार आणि फाइलींची संख्या वाढवा, आणि गुंडाळलेल्या फाइली रोज दुसऱ्या मशीनवर हलवा. फक्त गेटवेवर ठेवलेला लॉग गेटवे फोडणाऱ्याच्या हातात असतो. जुनी फाइल वाचायला तिला ‘झेडकॅट’मधून काढून ‘टीसीपीडंप -एन -ई -टीटीटी -आर -’ला द्या; शेवटची रेघ म्हणजे समोरून येईल ते वाच.

पॅकेटच्या आतला मजकूर का दिसत नाही?

कारण पीएफलॉगडी प्रत्येक पॅकेटचे फक्त पहिले १६० बाइट ठेवतो, आणि त्यातच पीएफची चिठ्ठीही येते. पत्ते, पोर्ट, झेंडे समजायला ते पुरते. जास्त हवे असेल तर आरसी.कॉन्फ.लोकलमध्ये पीएफलॉगडीच्या फ्लॅगांत ‘-एस’ आणि आकडा द्या. मी देत नाही. मजकूर साठवायचा म्हणजे लोकांचे खासगी बोलणे साठवायचे.

मला हे मजकुरात, सिसलॉगमधून (सिस्टिमच्या नोंदी गोळा करणाऱ्या सेवेतून) दुसऱ्या सर्व्हरवर हवे आहे.

टीसीपीडंप पीएफलॉग० वर लावा, ‘-एल’ द्या म्हणजे ओळ तयार झाल्या झाल्या बाहेर पडेल, आणि पाइपने ‘लॉगर -टी पीएफ -पी लोकल०.इन्फो’कडे द्या. पुढे सिसलॉग ती ओळ जिथे पाठवायची तिथे पाठवेल. एवढे मात्र लक्षात असू द्या की ही पाइप कधीतरी तुटते आणि तुटल्याचे कोणी सांगत नाही. म्हणून बायनरी फाइल बंद करू नका. मजकूर चटकन चाळायला, बायनरी पुराव्याला.

‘सेट लॉगइंटरफेस’ लावले, तरी लॉग येत नाही.

नाव फसवे आहे. त्याने पॅकेटची नोंद होत नाही, त्या इंटरफेसवरच्या वाहतुकीची मोजदाद होते. ती ‘पीएफसीटीएल -एस इन्फो’मध्ये दिसते.

वेगवेगळ्या नोंदी वेगळ्या फाइलींत ठेवता येतील का?

हो. ‘आयएफकॉन्फिग पीएफलॉग१ क्रिएट’ने दुसरा इंटरफेस तयार करा, कायमचा हवा तर त्याची होस्टनेम फाइल बनवा, आणि नियमात ‘लॉग (टू पीएफलॉग१)’ लिहा. त्यावर दुसरा पीएफलॉगडी ‘-आय पीएफलॉग१ -एफ’ आणि फाइलचे नाव देऊन चालवा. मी आतल्या कार्डाच्या नोंदी अशा वेगळ्या ठेवतो. बाहेरचा गोंगाट कितीही वाढला तरी त्या त्याच्या पुरात वाहून जात नाहीत.

सारखे येणाऱ्यांना आपोआप बंद करावे का?

एसएसएचसाठी हो. ‘मॅक्स-एसआरसी-कॉन-रेट’ आणि ‘ओव्हरलोड’ वापरून ठरावीक वेळेत जास्त जोडण्या करणाऱ्याला टेबलात टाकता येते. ही मोजणी हस्तांदोलन (दोन्ही बाजूंची सुरुवातीची देवाणघेवाण) पूर्ण झालेल्या टीसीपी जोडण्यांचीच होते, म्हणून खोट्या पत्त्याने कोणी फसवू शकत नाही. लॉग वाचून यूडीपी (हस्तांदोलनाशिवाय जाणारी पॅकेट) पाठवणाऱ्यांना बंद करणारी स्क्रिप्ट मात्र लिहू नका. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता सहज खोटा घालता येतो. कोणीतरी तुमच्याच डीएनएस सर्व्हरच्या नावाने चार पॅकेट पाठवील आणि तुमची स्क्रिप्ट तुमचेच इंटरनेट तोडेल.

फ्रीबीएसडी, मॅक, लिनक्सवर काय?

फ्रीबीएसडीवर पीएफ आहे, आरसी.कॉन्फमध्ये ‘पीएफलॉग_एनेबल’ला ‘येस’ द्यावे लागते, पुढची पद्धत बरीचशी हीच. मॅकवरही पीएफ आहे, तिथे पीएफलॉग० स्वतः तयार करावा लागतो. लिनक्सची वाट वेगळी: एनएफटेबल्स या तिथल्या फायरवॉलच्या ‘लॉग’ने ओळी कर्नलच्या लॉगमध्ये जातात, ‘जर्नलसीटीएल -के’ने दिसतात. तिथे ‘प्रीफिक्स’ जरूर द्या, नाहीतर कोणत्या नियमाने नोंद केली हे शोधायला काही खूण उरत नाही. ‘लिमिट’ही लावा.

रोज पाच मिनिटेच मिळतात. काय बघू?

आधी आतल्या कार्डाचा लॉग. ‘टीसीपीडंप -एन -ई -टीटीटी -आर’ आणि फाइल, पुढे ‘ॲक्शन ब्लॉक’. पाइपमधून ‘ऑक’ने दहावा शब्द काढा, तो पाठवणाऱ्याचा पत्ता. त्याला चिकटलेला पोर्ट ‘कट’ने टिंबावर तोडून पहिले चार भाग ठेवा. मग ‘सॉर्ट’, ‘युनिक -सी’, ‘सॉर्ट -आरएन’, ‘हेड’. आयपीव्ही४ पुरती ही साखळी चालते. ही दहा ओळींची यादी कालच्या यादीशेजारी ठेवा. नवा पत्ता वर आला असेल तर ती वस्तू कोणत्या खोलीत आहे ते शोधा आणि तिथे जाऊन बघा.

मग बाहेरून सोडलेल्या एसएसएच आणि व्हीपीएनच्या जोडण्या. प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहिता आले पाहिजे. ज्या ओळीपुढे नाव लिहिता येत नाही, त्या ओळीसाठी सकाळचा चहा थांबवा. शेवटी ‘डीएफ -एच’ने व्हार विभाजनात किती जागा उरली ते पाहा, आणि ‘आरसीसीटीएल चेक पीएफलॉगडी’ चालवून डिमन जिवंत आहे याची खात्री करून घ्या.